उन्हानं पुसलेला शिक्का

मी एक जुनी लाखेची कांडी आहे. अर्धी जळालेली आणि मधोमध वाकलेली. मी का वाकले, हे विचारायला माणसांना दोन दिवस लागले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एका सरळ माणसाला चोर ठरवून टाकलं. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना शांत राहावं, गोड बोलावं, असं म्हणतात. मला ते जमायचं नाही. माझ्या अंगात अजून त्या दिवसाची धग आहे.

माझा जन्म पळसाच्या कोवळ्या फांदीवरचा. खसखशीहून बारीक, लाल किडे फांदीला हजारोंनी चिकटतात, सालीत सोंड रुतवून रस पितात आणि अंगातून चीक सोडत आपल्याभोवती घर बांधतात. त्या घराला दार नसतं, खिडकी नसते. फांदीवर फांदी अशा घरांनी जाड होत जाते. ते घर म्हणजे मी.

कार्तिकात मनकर्णाबाई आली. भामरागडच्या वाटेवरच्या एका गावातली ही म्हातारी, तीस वर्षं लाख खरवडून जिच्या बोटांची टोकं कायमची लाल झाली होती. कोयत्यानं फांद्या तोडायची आणि गुणगुणायची,

पळसाच्या डांगीवर, बारीक बारीक माती,
दार नाई, खिडकी नाई, घरं बांधे राती.
घर माहे खरवडून, कोन कुठी नेलं,
रंग माह्या बोटाले, नाव त्याले गेलं.

तिनं मला खरवडलं, कुटलं, नाल्यात धुतलं. पाणी लाल झालं आणि मी पिवळी उरले. मग लांब कापडी थैलीत भरून मला विस्तवासमोर पिळलं. मी मधासारखी गळले, आणि ताणून ताणून मला पानासारखी पातळ केलं, पलीकडचा विस्तव दिसावा एवढी. मित्रांनो, तेव्हा मी निर्मळ होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्यावर फार चिखल उडाला.

ठेकेदाराच्या शेडमध्ये मला पुन्हा वितळवलं आणि माझ्यात राळ टाकली, गेरू टाकला, आणि हाताला येईल तेवढं मेण टाकलं. चमक यावी म्हणून मेण, वजन भरावं म्हणून राळ. साच्यातून निघाले ती गुळगुळीत तांबडी कांडी होऊन. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या बाबूनं हातात घेऊन म्हटलं, "वा, काय झळाळी आहे!" अशी स्तुती करणाऱ्याला काय सांगावं? झळाळी मेणाची होती.

आता जरा थांबा, आणि माझ्या अंगात काय असतं ते ऐका, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

मिठाचा खडा पाहिलाय ना? त्याच्या आतले कण शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे असतात. बर्फाचंही तेच. ठरलेली ऊब लागली की त्यांची रांग मोडते, आणि बर्फ होता तिथं पाणी होतं. मधलं काही नाही. माझ्यात मात्र रांगच नाही. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते, ती डोळ्यांपुढं आणा. एकाचं तोंड नदीकडे, एकाचं देवळाकडे, कोणी पोर खांद्यावर घेतलेलं, कोणी चप्पल शोधणारं. ती अख्खी गर्दी एका क्षणी जागच्या जागी थिजली, तर जे होईल ती मी. वरून पाहाल तर दगड, आत पाहाल तर जत्रा. काच माझ्याच जातीची. बांगड्या करणाऱ्याला विचारा, काच एकदम पाणी होत नाही, आधी मऊ होते, मग लवते, मग वाहते.

म्हणून माझा "आता वितळली" असा क्षण नसतो. ऊन वाढत जातं तशी आतली गर्दी एकमेकांना कोपर मारत सरकायला लागते. थंडीत मला वाकवा, काडकन मोडेन. उन्हात तासन् तास जरासं दाबून ठेवा, मुकाट्यानं वाकेन. दोन्ही वेळा मी तीच असते. यात लबाडी कुठं आहे?

एकोणीसशे शहाऐंशीचा एप्रिल होता. सातवीच्या परीक्षेचे पेपर कचेरीतून शाळेत न्यायला पत्रूभाऊ आला. पत्रू मनकर्णाबाईच्याच गावच्या शाळेचा शिपाई. बौद्ध वस्तीतला, सरकारी नोकरीत गेलेला तिथला पहिला माणूस. धुतलेला खाकी सदरा, तेल लावलेले केस. कागद हातात घेतला की तो आधी हात सदऱ्याला पुसायचा.

तीन पुडकी होती, जाड कापडात शिवलेली. प्रत्येकाच्या सुतळीच्या गाठीवर बाबूनं मला दिव्यावर धरून माझा एक एक थेंब पाडला आणि त्यावर पितळी मोहर दाबली. अक्षरं खणखणीत उठली. पुडकी पत्र्याच्या पेटीत एकावर एक रचली, सगळ्यांत खाली गणित. परत येताना उत्तरांची पुडकी बंद करायला लागेल म्हणून मलाही पेटीतच टाकलं, कोपऱ्यात आडवी. किल्ली पत्रूच्या कमरेच्या करगोट्याला बांधली.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

"ओ भाऊ, पेटी टपावर टाका," कंडक्टर ओरडला.

"सरकारी कागद हाये जी. जवळच ठेवा म्हणलं हाये."

"मंग काय माह्या मांडीवर ठेवता? टपावर काय वाघ येते कागद खायले?"

सगळी बस हसली. पत्रूनं स्वतः शिडीवर चढून पेटी दोरानं आवळली. ही त्याची चूक. ती मी झाकत नाही. त्यानंही कधी झाकली नाही.

आलापल्लीच्या पुढं बस बंद पडली. अकरा वाजले होते. तीन वाजले तरी ड्रायव्हर बसखालीच. लोक मोहाच्या सावलीत जाऊन बसले. पत्रू मात्र शिडीशी उभा, मान वर करून, जणू टपावर त्याचं लेकरूच झोपलंय.

गावचा इतवारी सावलीतून ओरडला, "पत्रूभाऊ, पेटीत बायको ठेवली काय रे? मान आखडन तुही!"

"बायको असती तं सावलीत बसवली असती," पत्रू म्हणाला. "पेपर हायेत. पेपराले ऊन लागत नाई."

अरे पत्रू! पेपरांना लागत नाही, पण मला?

पत्र्याला हात लावला तर फोड यावा, असं ते ऊन. आत माझ्यातली जत्रा हलायला लागली. मेण आधी सैल झालं, त्यानं राळेला ढकललं, राळेनं मला. मी कोपऱ्यात आडवी अडकले होते, टोकं दोन बाजूंच्या पत्र्याला टेकलेली, मध्ये आधार नाही. स्वतःच्याच वजनानं मी हळूहळू लवत गेले. आणि खाली, गणिताच्या पुडक्यावर दोन पुडक्यांचं ओझं होतं. तिथला माझा थेंब दाबला गेला, पसरला, सुतळीवरून कापडावर ओघळला. मोहरेची अक्षरं आधी बोथट झाली, मग फुगली, मग नाहीशीच झाली. वरच्या दोन पुडक्यांवर ओझं कमी, म्हणून त्यांची अक्षरं नुसती पुसट झाली. माझं स्वतःचं तोंड पुसलं जाताना मी पाहत होते, आणि हाक मारायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी पेटी शाळेत पोचली. सकाळपर्यंत मी गार झाले आणि पुन्हा दगड झाले, नव्या आकाराचा दगड.

हेडमास्तर बापूराव गुरुजींनी परीक्षेच्या अर्धा तास आधी सगळ्यांसमोर पेटी उघडली. अंगणात पोरं रांगेत उभी होती. पहिल्या रांगेत पत्रूची मुलगी कांता होती, दोन वेण्या, पट्टीसारखी ताठ, खिशाला पेन लावलेलं. ती यंदा सातवीलाच होती.

गुरुजींनी गणिताचं पुडकं वर धरलं. "शिक्का कुठं आहे?"

पत्रू पुढं वाकला.

"मी विचारतो, शिक्का कुठं आहे? दोन पुडक्यांना हात नाही आणि गणिताचंच नेमकं उघडलं? पोरगी गणितात कच्ची आहे म्हणून?"

"गुरुजी, गाठ पाहा ना. सुतळी तं जशीच्या तशी हाये."

"लाख दिव्यावर धरायची, मऊ करायची, काम झालं की पुन्हा चिकटवायची. आम्ही काय कालचे आहोत? किल्ली कोणाच्या कमरेला होती?"

"माह्याच. पर बस बंद पडली होती जी, टपावर ऊन..."

"ऊन! लाख म्हणजे काय लोणी आहे, उन्हात वितळायला? तरी मी म्हणत होतो, तुम्हा लोकांना नोकऱ्या दिल्या की..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. अंगणातल्या प्रत्येक पोरानं ते मनात पुरं केलं. कांताची मान मात्र खाली गेली नाही. तिनं खिशाचं पेन काढून मुठीत घट्ट धरलं, एवढंच.

परीक्षा थांबली. वर कळवलं गेलं. चौकशी होईपर्यंत पत्रूनं शाळेची पायरी चढायची नाही, आणि चोरी ठरली तर नोकरी गेली आणि कांताचं वर्षही गेलं, असं ठरलं. पत्रू वस्तीतून बाजारात निघाला की लोक थांबून विचारायचे, "काय भाऊ, गणित सुटलं काय?" दोन दिवस हे चाललं. आणि मित्रांनो, दोन दिवस मी शाळेतल्या टेबलावर पडले होते, पुराव्याच्या पुडक्याशेजारी, धनुष्यासारखी वाकलेली! शिकलेली माणसं येत होती, पुडकं उचलून नाकाशी धरत होती, आणि मला बाजूला सारत होती. का? कारण त्यांच्या हिशेबी जगात दोनच गोष्टी होत्या. घट्ट आणि पातळ. मधलं जग त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जीपमधून चौकशीचे साहेब आले. टेबल व्हरांड्यात मांडलं. पत्रू खाली उभा. आणि गर्दी हातानं बाजूला करत मनकर्णाबाई वर आली. पत्रूच्या शेजारच्याच घरात राहायची ती.

"बाई, हे चौकशीचं काम आहे," साहेब म्हणाले.

"करा ना जी. मीबी तेच कराले आली." तिनं मला उचललं. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला नीट हातात घेतलं. तिनं लाल बोट माझ्या वाकावरून फिरवलं. "ही काऊन वाकली?"

गुरुजी हसले. "वाकवली असेल कोणी."

"तुमी वाकवून दाखवा." आणि तिनं माझं एक टोक साहेबांच्या पुढं केलं.

साहेबांनी टोक धरून दाबलं. काड! माझा बोटभर तुकडा त्यांच्या हातात. दुखलं मला. पण एवढं गोड दुखणं मला पुन्हा मिळालं नाही.

"मोडली," साहेब म्हणाले.

"मंग मधातली काऊन नाई मोडली? ती काऊन वाकली?"

"दिव्यावर धरली असेल," गुरुजी म्हणाले.

"दिव्यावर धरली तं टोक गळते, काजळी बसते. मधात कमान होत नाई, गुरुजी. त्याले ऊन लागते, अन् लय वेळ लागते." ती त्यांच्याकडे वळली. "तुमी पोराईले शिकवता, का पोरं तुमाले?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमचं म्हणणं ऐकलं. पण कागदावर लिहायला पुरावा लागतो."

"कागद मले येत नाई, सायेब. ऊन येते. चार तास बसता काय?"

तिनं पदराच्या गाठीतून स्वतःच्या लाखेचा एक खडा काढला. तीच पेटी मागवली. जुन्या वह्यांची दोन पुडकी बांधायला लावली. एकाच्या गाठीवर माझा थेंब, दुसऱ्याच्या गाठीवर तिच्या खड्याचा थेंब, दोन्हींवर शाळेची मोहर, साहेबांच्या हातानं. दोन्ही पुडकी शेजारीशेजारी ठेवली आणि वर सारखं ओझं रचलं. पेटी अंगणात उघड्या उन्हात. किल्ली साहेबांच्या खिशात.

तेव्हा अकरा वाजले होते. साहेब खुर्चीत, गुरुजी दारात, पत्रू झाडाखाली नाही, उन्हातच, पेटीपासून दहा पावलांवर. "सावलीत ये," साहेब दोनदा म्हणाले. "इथीच बरं हाये जी," तो म्हणाला. कांता व्हरांड्याच्या कडेला बसून होती. तिला घरी जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

तीन वाजता पेटी उघडली.

मनकर्णाबाईच्या खड्याचा शिक्का जरा मंदावला होता, कडा गोल झाल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. माझा थेंब पसरून चकचकीत झाला होता, त्यावर काही नाही. जणू कोणी जिभेनं चाटून पुसलं.

साहेबांनी सुतळी पाहिली, गाठ पाहिली. मग माझा पसरलेला थेंब नाकाशी धरला.

"मेणाचा वास येते ना जी?" मनकर्णाबाई म्हणाली. "हे माही लाख. अन् हे तुमच्या कचेरीची."

साहेबांचा चेहरा उतरला, कारण मी त्यांच्याच कपाटातली होते. असल्या शेकडो कांड्या तिथं रचलेल्या होत्या, आणि आणखी किती शाळांत किती पत्रू त्यांच्या पायी उभे राहायचे होते, कोण जाणे.

त्यांनी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि वाचून दाखवलं. पुडकं उघडलं गेलं नाही. शिपाई पत्रू यास कामावर घ्यावं. पेटी टपावर ठेवल्याबद्दल त्यास सक्त ताकीद. गणिताचा नवा पेपर मागवावा आणि परीक्षा घ्यावी. संपलं.

"सही कर."

पत्रूनं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "टपावरची चूक माही. ते बरोबर लिवलं. पर लाखेत मेण हाये, हे काऊन नाई लिवलं जी?"

"ते वरचं प्रकरण आहे."

"वरचं वरच राह्यते, सायेब. खाली ऊन आमच्या डोक्यावर पडते."

"नोकरी राहिली ना तुझी?" साहेबांचा आवाज चढला. "पोरीची परीक्षा होते आहे ना? अजून काय पाहिजे?"

पत्रूनं कांताकडे पाहिलं, आणि सही केली. मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझ्यातल्या मेणाबद्दल त्या कागदावर एक अक्षर आलं नाही, ते आजतागायत. ज्यानं मला नासवलं त्याचं नाव कोणी घेतलं नाही, आणि ताकीद मिळाली ती उन्हात उभ्या राहिलेल्याला. या रागानं मी अजून जळते.

परीक्षा झाली. गणिताच्या दिवशी कांता सगळ्यांत शेवटी वर्गाबाहेर आली. उत्तरांची पुडकी तयार झाली. ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसनं कचेरीत पोचवायची होती, नाहीतर गुरुजींनाच जाब द्यावा लागला असता. गुरुजींनी पत्रूला हाक मारली. "सकाळी पेटी घेऊन निघ. आणि या वेळी मांडीवर ठेव हो."

पत्रू जागचा हलला नाही. "घंटा वाजवतो, गुरुजी. पाणी भरतो, झाडलोट करतो. पेटी नाई नेत."

"नाही नेत? अरे, हे तुझं कामच आहे!"

"चोराच्या हाती पेटी कशी देता तुमी?"

"झालं गेलं ते. साहेबांनी लिहून दिलं ना, तू उघडलं नाहीस म्हणून?"

"त्याईनं लिवलं. तुमी कुठी म्हणलं?" त्याचा आवाज शांत होता. "तुमी मले कागदावर चोर नाई म्हणलं, गुरुजी. अंगणात म्हणलं. समद्या पोराईसमोर. माह्या पोरीसमोर. तिथंच म्हणा, मी पेटी घेऊन जातो."

गुरुजी लाल झाले. आत गेले, बाहेर आले, घड्याळ पाहिलं. दुसरा शिपाई नव्हता. स्वतः जावं तर शाळा कोणावर सोडावी? दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. पोरं रांगेत उभी होती. बस यायला थोडाच वेळ होता. गुरुजी पायरीवर आले, घसा खाकरला आणि जमिनीकडे पाहत पुटपुटले, "पत्रूनं पुडकं उघडलं नव्हतं. माझी चूक झाली."

पत्रू खिडकीशी उभा होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कांता म्हणाली,

"आयकू नाई आलं, गुरुजी."

गुरुजींनी मान वर केली. पोरगी त्यांच्याकडे सरळ पाहत होती, उद्धटपणानं नाही, वर्गात न ऐकू आलेलं गणित पुन्हा विचारावं तशी. मागच्या रांगेतली दोनचार पोरंही म्हणाली, "आमालेबी नाई."

आणि गुरुजींनी ते पुन्हा म्हटलं. या वेळी रस्त्यापर्यंत गेलं.

पत्रूनं पेटी उचलली, हात सदऱ्याला पुसले आणि बसच्या दिशेनं चालू लागला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे गाऱ्हाणं एवढंच. माझ्यासारख्या वस्तू सावलीत ठेवा, आणि त्यांच्यात काय मिसळलंय ते विकत घेण्याआधी हुंगून पाहा. कुणाचा शिक्का पुसलेला दिसला, तर त्याच्यावर किती ऊन पडलं आणि किती वेळ पडलं, हे आधी विचारा. मग तोंड उघडा. आणि उघडलंच असेल, तर ज्या आवाजात दोष दिला, त्याच आवाजात तो परत घ्या. हळू बोलून चालायचं नाही.